जपानी येत नाही, तरी खेळता येईल?

प्रश्न : दादाने जपानहून सुपर फॅमिकॉम आणि १९९२चा 'ड्रॅगन क्वेस्ट ५' आणलाय. जपानी येत नसताना तो खेळणं अशक्यच ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मुळीच नाही! लढाईच्या मेनूत तेच ते शब्द येतात. हिरागाना आणि काताकाना, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं, तेवढी शिका. हल्ला, जादू, पलायन हे शब्द खेळताखेळताच ओळखीचे होतील. कथा मात्र सोडू नका, तीच या खेळाचा जीव आहे. २००९मध्ये निन्टेन्डो डीएसवर इंग्रजी आवृत्ती आली. तिचं कथानक सोबत वाचा. फोनचं कॅमेरा-भाषांतर ठिपक्यांची अक्षरं अनेकदा चुकवतं.

एक सांभाळा : जपानी अ‍ॅडाप्टर १०० व्होल्टचा असतो. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या प्लगमध्ये लावूच नका. शिवाय सेव्ह टिकवणारी कार्ट्रिजमधली बॅटरी जुनी आहे, ती आधी तपासून घ्या.