गवतासाठी दाताळे कोणते घ्यावे?

नांगर वा विळा घेताना शेतकरी चार जणांस विचारतो, वस्तू हातात धरून पाहतो आणि मग पैसे मोजतो. दाताळ्याच्या बाबतीत मात्र दुकानात जे टांगलेले असेल तेच घरी येते. गवत काय, कशानेही गोळा होते, असा समज त्याच्या मुळाशी आहे. तो समज किती महाग पडतो हे आम्ही स्वतः अनुभवले असल्यामुळे हा विषय वाचकांपुढे ठेवीत आहो.

मुंबईच्या उपनगरांचा गवताशी संबंध जुना आहे. अंधेरी, बोरीवली, घाटकोपर, मुलुंड ही नावे आज उंच इमारतींची वाटतात. परंतु साष्टीच्या या भागात पूर्वी खाली भाताची खाचरे आणि वर वरकस जमीन अशीच मांडणी होती. वरकसावरील गवत काही राबास व काही गुरांस लागे. १९५० साली अंधेरी व घाटकोपर आणि १९५७ साली बोरीवली व मुलुंड बृहन्मुंबईत आले, आणि पुढे माळ ओसरत गेले. तबेले मात्र सर्वच गेले नाहीत. १९४९ साली स्थापन झालेल्या आरे दुग्ध वसाहतीत आजही म्हशी आहेत. त्यांचा सुका चारा पुष्कळसा बाहेरून येतो. तेव्हा गोराई-मनोरीकडे ज्यांची खाचरे उरली आहेत त्यांस, आणि ठाणे-पालघरकडील वरकसधारकांसही, पुढील विचार सारखाच लागू आहे.

काही वर्षांपूर्वी बागेत वापरावयाचे एक लोखंडी दाताळे स्वस्त मिळाले म्हणून आम्ही ते गवतास लावले. दात आखूड, ताठ व टोकदार. ते गवताबरोबर जमीनही खरवडू लागले. गंजी रचताना धूळ उडे, तिकडे आम्ही लक्ष दिले नाही. तबेल्यावर भारे उतरताच मालकाने एक पेंढी झटकली. खाली माती व खडे पडले. निम्मा माल परत आला. तो पुन्हा झाडताना त्यात दाताळ्याचा एक तुटका दात सापडला, तेव्हा मात्र पैशांचे दुःख विसरून आम्हांस भीती वाटली.

भीतीचे कारण असे. गाय-म्हैस चारा नीट न चावता गिळते व मागाहून रवंथ करते. चाऱ्यातील तार, खिळा वा लोखंडाचा तुकडा तिला ओठांनी निवडता येत नाही. तो जाळीदार पोटात जाऊन पडतो. पोट आकुंचन पावते तसा त्याची भिंत भेदतो आणि तेथून अगदी जवळ असलेल्या हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. असे जनावर पुष्कळदा दगावते. सारांश, दाताळे हे केवळ गवत ओढण्याचे साधन नव्हे. चारा स्वच्छ राहणे वा न राहणे त्यावर अवलंबून असते.

आता निवडीकडे वळू. पहिला विचार जमिनीचा. उताराची, खडकाळ, बांधाबांधांनी तुटलेली वरकस जमीन असेल तर हाती चालवावयाचे लाकडी दाताळेच योग्य. आडवी पट्टी दोन ते अडीच फूट असावी. याहून रुंद घेतल्यास ती उंचवट्यावर टेकते व खळग्यातील गवत मागे राहते.

दुसरा विचार दातांचा. दोन दातांत सुमारे दोन इंच अंतर व दातांची लांबी तीन ते चार इंच असावी. टोके गोल घासलेली असावीत, म्हणजे ती जमिनीवरून घसरतात, रुतत नाहीत. दात पट्टीच्या छिद्रातून आरपार नेऊन मागून पाचर मारलेले असावेत. खिळ्यांनी ठोकलेले दाताळे कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. लाकडी दात मोडला तर घरी नवा तासता येतो, आणि तुकडा चाऱ्यात गेला तरी खिळ्याइतका घातक नसतो.

तिसरा विचार दांड्याचा. दाताळे उभे धरले असता दांडा चालविणाऱ्याच्या हनुवटीपर्यंत यावा. आखूड दांड्याने कंबर वाकते व दात जमिनीत रुततात. स्त्रियांच्या हाती काम असेल तर त्यांच्याच उंचीचा व हलका दांडा करावा.

जमीन सलग, सपाट व बिनदगडी असून ट्रॅक्टर उपलब्ध असेल तरच यंत्राचा विचार करावा. चाकी दाताळे, ज्याची घडण नेदरलंड्समधील लेली बंधूंनी १९४८ च्या सुमारास पुढे आणली, ते जमिनीच्या घर्षणानेच फिरते. ते साधे व तुलनेने स्वस्त असते. परंतु त्याचे तारेचे दात जमिनीस टेकत असल्यामुळे माती येण्याचा धोका राहतो. ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यावर चालणारे चक्राकार दाताळे गवत उचलून हलकेच ओळीत टाकते. चारा अधिक स्वच्छ राहतो, पण किंमत व देखभाल वाढते. फिरत्या दांड्यावर आच्छादन नसेल तर धोतर वा पदर अडकून जीव जातो, हे विसरू नये. एकट्याने घेण्यापेक्षा असे यंत्र चारपाच शेतकऱ्यांनी मिळून घेणे बरे. दोन्ही यंत्रांचे दात कामापूर्वी व कामानंतर मोजावेत. एक कमी भरला तर तो सापडेपर्यंत त्या ओळीतील गवत गंजीत घालू नये.

चांगले दाताळेही अवेळी चालविले तर नुकसानच. कुसळी गवत कुसळे धरण्यापूर्वी कापावे, कारण ती गुरांच्या तोंडात रुततात. कापलेले गवत मऊ असतानाच ओळीत ओढावे. कडक वाळल्यावर ओढल्यास पाने गळून काड्या उरतात. ओळीत ते पुरे वाळवून मगच गंजी घालावी. ओल शेकडा १५ ते १८ च्या आत असावी. ओल्या गवतास बुरशी येते, आणि मोठी गंजी आतून तापून पेटल्याचीही उदाहरणे आहेत.

आमची वाचकांस सूचना इतकीच, की विकत घेण्यापूर्वी दाताळे पाच पावले आपल्याच माळावर ओढून पाहावे. ओढलेल्या गवताची मूठ पांढऱ्या फडक्यावर झटकावी. फडके स्वच्छ राहिले तर खुशाल पैसे द्यावेत. माती पडली तर ते दाताळे दुकानातच राहू द्यावे.