चारशे पुस्तकं आणि दोन डॉलर

प्रश्न : परदेशी लेखक-शास्त्रज्ञांच्या चरित्रांत, मूल गरिबाघरचं किंवा परक्या मुलखातून आलेलं असलं की लहानपणीच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा उल्लेख हमखास येतो. शाळा तर त्यांनाही होती. मग ग्रंथालयाचंच एवढं अप्रूप का?

उत्तर : शाळेत काय वाचायचं ते इयत्ता ठरवते. ग्रंथालयात मूल स्वतः कपाटापुढे उभं राहतं, हवं ते पुस्तक काढतं आणि आपल्या नावावर घरी नेतं. घरात एकही पुस्तक नसलेल्या मुलाला हा हक्क दुसरीकडे कुठे मिळणार?

अँड्र्यू कार्नेगी स्कॉटलंडमधल्या विणकराचा मुलगा. वाफेच्या मागांनी हातमाग बुडवले आणि 1848मध्ये हे कुटुंब अमेरिकेत, पिट्सबर्गजवळ येऊन राहिलं. पोरगा तारा पोचवू लागला. तिथले कर्नल जेम्स अँडरसन आपली सुमारे चारशे पुस्तकं कामकरी मुलांसाठी दर शनिवारी खुली करत. पुढे या ग्रंथालयाच्या चालकांनी नियम काढला : रीतसर उमेदवारी करणाऱ्यांना पुस्तकं फुकट, बाकीच्या मुलांनी वर्षाला दोन डॉलर भरावेत. सतरा वर्षांच्या कार्नेगीने वर्तमानपत्राला पत्र लिहून हा नियम बदलायला लावला. पोलादाच्या धंद्यात अफाट पैसा मिळवल्यावर त्याने जगभरात अडीच हजारांवर ग्रंथालयं बांधून दिली. त्याच्याच होमस्टेडच्या कारखान्यात 1892 साली कामगारांचा लढा चिरडला गेला, हेही विसरता येत नाही. पण पुस्तकांचं ऋण त्याने फेडलं, हे खरं.

दार प्रत्येकाला उघडं मात्र नव्हतं. 1959 साली साउथ कॅरोलायनातल्या लेक सिटी गावात रोनाल्ड मॅकनेअर हा नऊ वर्षांचा काळा मुलगा पुस्तकं घरी न्यायला गेला. ग्रंथपालांनी नकार दिला, तरी तो हलेना. पोलीस आले, आई आली आणि अखेर पुस्तकं त्याच्या हातात पडली. पुढे तो एमआयटीतून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट घेऊन अंतराळवीर झाला. 1986च्या चॅलेंजर अंतराळयानाच्या दुर्घटनेत गेला. ग्रंथालयाच्या त्या जुन्या इमारतीत आज त्याचंच स्मृतिसंग्रहालय आहे.

आपल्याकडे हे मर्म सयाजीराव गायकवाडांनी ओळखलं. 1910 साली त्यांनी अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून बडोदा संस्थानात मोफत ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. ज्या गावात ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरत.

महाराष्ट्रात 1967च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळतं. तरीही पुस्तक घरी न्यायचं तर बहुतेक ठिकाणी अनामत आणि वर्गणी लागते. ऊसतोडीला, वीटभट्टीवर, बांधकामावर आलेल्या आईबापांचं मूल तिथेच अडतं. तुम्ही एखाद्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर असाल, तर येत्या बैठकीत बालविभागाची अनामत रद्द करण्याचा ठराव मांडा, आणि पत्त्याच्या पुराव्याची अटही काढून टाका. चार पुस्तकं परत आली नाहीत तरी चालतील.