पायांनी ऐकणारे जीव

भिंतीलाही कान असतात, असे आपण नेहमी म्हणतो. पण पायाला कान असतात असे कोणी म्हटले, तर आपण त्याला हसू. तरीही ज्यांचे जगणे-मरणे पायांना जाणवणाऱ्या कंपांवर अवलंबून आहे, असे असंख्य जीव या सृष्टीत आहेत. कोळी आणि कीटक हे त्यांतील प्रमुख होत.

प्रथम कोळ्याचे उदाहरण घेऊ. कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, कोळ्याला आठ. चक्राकार जाळे विणणाऱ्या कोळ्याची दृष्टी मात्र बेताचीच असते. मग जाळ्यात भक्ष्य सापडले हे त्याला कळते कसे? बैलगाडीच्या चाकाला जसे आरे, तसे या जाळ्यात मध्यापासून कडेपर्यंत ताणलेले धागे असतात. कोळी मध्यभागी या धाग्यांवर पाय टेकून बसतो. माशी अडकून धडपडू लागली की धागे थरथरतात आणि कोणत्या पायाखाली थरथर अधिक आहे, यावरून त्याला दिशा समजते. १८८० साली इंग्लंडमधील सी. व्ही. बॉईज या शास्त्रज्ञाने वाजता नादकाटा जाळ्याला टेकवून पाहिला. कोळी धावत आला आणि त्याने नादकाट्यालाच कवटाळले! तेथे माशी नव्हती, होता तो केवळ कंप.

हा कंप टिपणारी इंद्रिये कोळ्याच्या कवचातच असतात. कवचात, विशेषतः पायांच्या सांध्यांजवळ, अतिसूक्ष्म फटी असतात. पाय किंचित हलला की कवचावर ताण येतो, फट आवळली जाते आणि मज्जातंतूला संदेश मिळतो. काही ठिकाणी या फटी वीणेच्या तारांप्रमाणे ओळीने असतात. मध्य अमेरिकेतील कुपिएनियस नावाच्या कोळ्याच्या अंगावर अशा ३००० हून अधिक फटी आढळल्या आहेत.

कीटकांची रचना निराळी आहे. झुरळाच्या पायात गुडघ्याच्या किंचित खाली कंप जाणणारे एक इंद्रिय असते. जमिनीची अत्यंत सूक्ष्म हालचालही त्याला कळते. वाळवीच्या काही जातींत शत्रू आला की सैनिक वारुळातील जमिनीवर डोके आपटतात. त्या कंपाने इतरांना धोक्याची सूचना मिळते. डासाचे इंद्रिय मात्र पायात नसून मिशांच्या बुडाशी असते. जॉन्स्टन या शास्त्रज्ञाने १८५५ मध्ये त्याचे वर्णन केले. मादीच्या पंखांच्या गुणगुणण्याने नराच्या मिशा हलतात आणि त्याला तिचा माग लागतो.

परंतु कंप जाणवणे निराळे आणि त्याचा अर्थ कळणे निराळे. वाऱ्याने जाळे हलले म्हणून कोळी दर वेळी धावला, तर त्याची शक्ती फुकट जाईल. नर कोळ्यावर तर प्राणांवरचा प्रसंग असतो. अनेक जातींत मादी आकाराने मोठी असते. म्हणून नर जाळ्याच्या कडेला थांबून ठराविक लयीत धागे छेडतो. मी भक्ष्य नाही, हेच जणू त्याला सांगायचे असते. ते तिला पटले नाही, तर ती त्याला खाऊनही टाकते. याउलट पोर्शिया नावाचा कोळी दुसऱ्या कोळ्याच्या जाळ्यावर अडकलेल्या कीटकासारखी थरथर निर्माण करतो. जाळ्याचा मालक भक्ष्य समजून जवळ येतो आणि स्वतःच भक्ष्य होतो. म्हणजे या भाषेत निरोप आहे, विनवणी आहे आणि लबाडीही आहे.

कीटकसृष्टीला आपण मुकी समजतो. वास्तविक ती मुकी नाही; तिचे बोलणे बहुतांशी आपल्या कानांपर्यंत पोहोचत नाही, इतकेच. ज्ञान मिळवण्याचे डोळे आणि कान हेच मार्ग नव्हेत, हे हे क्षुद्र मानलेले जीव आपणांस शिकवतात. घराच्या कोपऱ्यातील जाळे झाडण्यापूर्वी क्षणभर थांबून त्याकडे पाहिले, तरी या अद्भुत शास्त्राचा पहिला धडा घरबसल्या मिळेल.