बुवा साळवी आणि कबड्डीची बांधणी

नरसिंहपूर



शंकरराव साळवी हे महाराष्ट्रातील कबड्डीचे थोर संघटक. क्रीडाक्षेत्रात ते ‘बुवा’ म्हणून ओळखले जात. पुढे ‘कबड्डीमहर्षी’ हे बिरुद त्यांना लाभले. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस २००१ पासून महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. खेळाचा दिवस एखाद्या गाजलेल्या चढाईपटूच्या नावे नाही, संघटकाच्या नावे आहे, हे गावात नवे मंडळ काढणाऱ्याने नीट ध्यानात घ्यावे.

कबड्डी महाराष्ट्रात हुतूतू या नावाने पूर्वापार खेळली जाई. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने छापील नियमांनिशी स्पर्धा भरवली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे या खेळाची प्रात्यक्षिके केली. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली. तरीही खेळाचे तीन प्रकार रूढ होते. संजीवनीत गडी मारला की बाद झालेला आपला गडी उठतो. गामिनीत बाद गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसतो. अमरमध्ये तो मैदानातच राहतो आणि प्रतिपक्षाला फक्त गुण मिळतो. दोन गावांचे संघ वेगवेगळ्या प्रकारांत वाढलेले असले, तर नाणेफेकीआधीच वादाला तोंड फुटणार. मोठे खेळाडू असूनही खेळ मोठा होत नाही, तो अशा ठिकाणी.

संघटकाचे काम इथून सुरू होते. १९७२ मध्ये भारतीय हौशी कबड्डी महासंघ स्थापन झाला. संजीवनी पद्धत देशभर रुजली आणि जिल्हा, राज्य, राष्ट्र अशी स्पर्धांची साखळी पक्की झाली. साळवी या बांधणीच्या अग्रभागी होते. बैठका, पत्रव्यवहार, पंचांची तयारी, रुसलेल्या संघटनांची समजूत, हे सारे काम प्रेक्षकांना कधी दिसत नाही. पण त्यावाचून एकही सामना उभा राहत नाही.

पुढची पायरी परदेशाची होती. १९७८ मध्ये आशियाई महासंघ स्थापन झाला, १९८० मध्ये कलकत्त्यात पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये कबड्डी प्रात्यक्षिकापुरती होती. १९९० मध्ये बीजिंगला ती पदकाचा खेळ झाली. तिथपासून २०१४ पर्यंत पुरुषांचे प्रत्येक सुवर्ण भारताने जिंकले. २०१० पासून महिलांची कबड्डीही एशियाडमध्ये आली. २०१८ मध्ये इराणने भारताच्या पुरुषांना उपांत्य फेरीत आणि महिलांना अंतिम फेरीत हरवले. तो पराभव जिव्हारी लागणारा होता. तरी संघटकाच्या नजरेने पाहता, दुसऱ्या देशात भारताला हरवू शकणारे संघ तयार होणे हे खेळ खऱ्या अर्थाने पसरल्याचेच लक्षण आहे.

नीरा-भीमेच्या संगमावरील नरसिंहपूर गावाला क्रीडासंघटनेचे वारे नवे नाही. जवळच्या बारामतीचे शरद पवार राज्य कुस्तीगीर परिषदेचे अध्यक्ष होते; अजित पवार यांनी राज्य कबड्डी संघटनेचे अध्यक्षपद सांभाळले. पण वरची खुर्ची कोणाचीही असो, गावातले काम गावातच कोणाला तरी करावे लागते. वैशाखात नरसिंह जयंतीला गाव माणसांनी भरते. अशा वेळी रोख बक्षिसांचा फलक लावून चार सामने घेणे सोपे असते. वर्षभर मंडळ चालवणे अवघड, आणि खेळाडूच्या उपयोगाचे तेच.

मंडळाने प्रथम जिल्हा संघटनेशी संलग्नता घ्यावी. निवड चाचणीची वाट तिथूनच जाते आणि संलग्नतेअभावी चांगली मुले गावातच अडकतात. पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटर व महिलांचे १२ बाय ८ मीटर, टेपने मोजूनच आखावे. वरिष्ठ गटात पुरुषांसाठी ८५ व महिलांसाठी ७५ किलोची मर्यादा आहे, म्हणून वजनकाटा हवा. पंच गावातला मोठा माणूस म्हणून नेमू नये, परीक्षा दिलेला नेमावा. प्रत्येक सामन्याचा गुणतक्ता जपून ठेवावा. मुलींचा संघ पहिल्याच वर्षी उभा करावा. ‘पुढे पाहू’ म्हटले की तो राहूनच जातो. खेळणे थांबवलेल्या जुन्या गड्यांना मुलांच्या सरावाला बोलवावे.

१५ जुलैला पावसाने मैदान ओले असेल, तर तो दिवस देवळाच्या ओवरीत नियमपुस्तिकेच्या वाचनाला आणि पंचांच्या वर्गाला द्यावा.