परदेशची विद्या, खेड्याची शाळा

परदेशीं शिकावयास जावें काय, असें पालक आम्हांस विचारितात. उत्तर आपल्या कारेगांवाहून अहिल्यानगराच्या वाटेनें पुढें गेल्यास जामखेडास सांपडतें. अमेरिकेंत सार्वजनिक आरोग्याचें शास्त्र शिकून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे १९७० सालीं तेथें आले. गांवकऱ्यांनीं औषधाआधीं अन्न व पाणी मागितलें. उभयतांनीं तेंच काम आधीं हातीं घेतलें. मग गांवोगांवच्या, बहुधा निरक्षर, स्त्रियांस शिकवून त्यांनीं आरोग्यसेविका केलें. १९७९ सालीं त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. पुढें परदेशांतील विद्यार्थीच ह्या स्त्रियांपाशीं शिकावयास येऊं लागले. मुलांनो, अवश्य दूर जा. विद्या तेथें मिळेल. ती कोणाच्या कामीं लावावी, हें मात्र परत येऊन गांवासच विचारा.