वाचनालय कोणाचे – शासनाचे की गावाचे?

माझे आजोळ कागल तालुक्यात आहे. तेथील वाचनालयाच्या दारावर 'शासनमान्य' अशी पाटी आहे. निपाणी भागातील आमच्या गावी मात्र वाचनालयावर ग्रामपंचायतीची पाटी आहे. दोन्ही गावांतील अंतर बसने तासाभराचेही नाही; परंतु या दोन पाट्यांमागे दोन निरनिराळे विचार आहेत. लोकांच्या संस्थांना शासनाने मदत कशी करावी, या प्रश्नाचा अभ्यास करण्यास याहून सोयीचे उदाहरण मला आढळले नाही.

आपल्या भागात वाचनालये आधी लोकांनी काढली, कायदे मागाहून आले. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 सालचे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचे. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला. तो भारतातील पहिला मानला जातो. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या वाटा वेगळ्या झाल्या.

तेव्हाच्या म्हैसूर राज्याने 1965 मध्ये कायदा केला. त्यावर डॉ. रंगनाथन यांच्या विचारांचा प्रभाव होता. ग्रंथालय हे देणगीदाराच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, हे त्यामागील सूत्र. म्हणून घरपट्टीसारख्या करांवर ग्रंथालय उपकर बसवून शासनानेच ग्रंथालये चालवावयाची, असे ठरले. 2019 मध्ये साडेपाच हजारांहून अधिक ग्रामपंचायत ग्रंथालये ग्रामविकास खात्याकडे आली. आज ती 'अरिवु केंद्र' म्हणून ओळखली जातात.

महाराष्ट्राच्या 1967 च्या कायद्यात असा उपकर नाही. लोकांनी संस्था नोंदवावी, कार्यकारी मंडळ नेमावे, पुस्तके व सभासद जमवावेत. शासन अ, ब, क, ड असे वर्ग ठरवून अनुदान देते.

दोन्ही पद्धतींत गुण आहेत, तसे दोषही आहेत. आजोळच्या वाचनालयात निवडणूक होते, भांडणे होतात, कारण लोकांना ते आपले वाटते. पण अनुदान हप्त्याने येते, तेही उशिरा, आणि ग्रंथपालाच्या मानधनात घर चालत नाही. आमच्याकडे जागा आहे, वर्तमानपत्रे नियमित येतात. पण गावाला तेथे काही करावयाचे उरलेले नाही.

पूर्वी तसे नव्हते. आजोबा सांगत, तरुण मंडळाने वर्गणीतून एका खोलीत वाचनालय चालविले होते. तंबाखूच्या वखारीतून सुटलेली माणसे संध्याकाळी तेथे पेपर वाचीत; ज्यांना वाचता येत नसे, त्यांना आजोबा वाचून दाखवीत. पुढे सरकारी ग्रंथालय आले. मंडळाने आपली पुस्तके त्याच्या स्वाधीन केली आणि 'आता सरकार बघून घेईल' म्हणून खोलीला कुलूप लावले.

गतवर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्हांला ती पुस्तके पोत्यांत सापडली. काही मराठी, काही कन्नड. बरीच वाळवीने खाल्लेली. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर देणाऱ्याचे नाव होते. एकावर आजोबांची सही होती. आम्ही पुस्तके झाडली, यादी केली, कपाटात लावली.

ही योजनाही शासनाचीच. 24 सप्टेंबर 1969 रोजी 37 विद्यापीठांत तिचा प्रारंभ झाला. स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास सेवा द्यावी, असा तिचा नियम. आम्ही पंधरा जण होतो. तास भरले, प्रमाणपत्रे मिळाली, आणि अकरा जण यावयाचे थांबले. मी त्यांना दोष देत नाही. एक महिना मीही गेलो नव्हतो. एके दिवशी तेथील ग्रंथपालबाई रस्त्यात भेटल्या. "अरे, पोरं विचारतात, गोष्टी वाचणारा दादा कुठं गेला?" एवढेच त्या म्हणाल्या. पुढच्या रविवारी मी गेलो.

यावरून माझे मत असे झाले आहे : छप्पर, पुस्तके आणि पगार ही शासनाची जबाबदारी आहे, ती वर्गणीवर ढकलणे योग्य नव्हे. परंतु वाचून दाखविणारा माणूस अनुदानातून येत नाही. शासनाने प्रत्येक गावच्या ग्रंथालयात वाचकांची समिती नेमून तिला पुस्तके निवडण्याचा खराखुरा अधिकार द्यावा. आपणही आपल्या गावच्या वाचनालयात एकदा डोकावून पाहावे. कदाचित तेथील एखाद्या पोत्यात आपल्याही आजोबांची सही असेल.