इंटरनेट जोडणी बदलताना घ्यावयाची दक्षता

कार्यालयाने इंटरनेट पुरवठादार बदलला, की सर्व्हरचा सार्वजनिक आयपी पत्ता व गेटवे बहुधा बदलतात. डीएनएसमध्ये जुनाच पत्ता राहिल्यास नागरिकांचे अर्ज कार्यालयापर्यंत पोहोचत नाहीत. या नोंदीची मुदत ८६,४०० सेकंद असेल, तर इतर संगणक जुना पत्ता एक दिवसापर्यंत स्मरणात ठेवतात. म्हणून बदलापूर्वी किमान एक दिवस ती मुदत ३०० सेकंदांवर आणावी.

नवे पत्ते सर्व्हरजवळ बसूनच भरावेत. दुरून भरल्यास पत्ता बदलताच संपर्क तुटतो. फायरवॉलचे नियमही त्याच वेळी सुधारावेत. ईमेलसाठी आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी उलट नोंद नव्या पुरवठादाराकडून करून घ्यावी. तिच्याअभावी अनेक मेल सर्व्हर पत्रे नाकारतात. सर्व सेवांची खात्री पटेपर्यंत जुनी जोडणी चालू ठेवणे हिताचे होय.